जपानच्या वतीने दिलेला शब्द

माझ्या भाच्याच्या दहाव्याला मी नदीकाठी उभं राहून जपानमधल्या एका चित्रपट कंपनीच्या वतीने शब्द दिला. मला तसा अधिकार नव्हता. पण पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि पावणेबारा वाजले होते.

भाचा म्हणजे हृतिक. माझ्या थोरल्या बहिणीचा, रंगूबाईचा, म्हणजे आक्काचा, एकुलता एक. वय तेवीस. बिरवाडीत खोली घेऊन राहायचा, एका कारखान्यात कंत्राटावर पिंपं भरायचा आणि उरलेल्या वेळात सामुराईंवर मतं मांडायचा. हे दुसरं काम तो जास्त मन लावून करी. सत्तावीस खंडांची एक जपानी चित्रकथा होती. तिचं मूळ नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. घरात आम्ही तिला 'गंजकी तलवार' म्हणायचो. आधी पुस्तकं, मग त्यांवर कार्टून (हृतिकसमोर 'कार्टून' म्हटलं की तो दोन दिवस बोलत नसे), आणि आता खरीखुरी माणसं घेऊन सिनेमा येणार होता.

सिनेमा येण्याआधीच तो वाईट आहे यावर जगभरच्या प्रेक्षकांचं एकमत झालं होतं. नटाचे केस फार स्वच्छ आहेत. तलवार पुरेशी गंजलेली नाही. चित्रातल्या माणसाला हाडामांसाचं केलं की तो नाटकातला राजा दिसतो. अशा सिनेमांचा आजवरचा इतिहास पाहता त्यांचं फारसं चुकत नव्हतं. हृतिक त्या सगळ्यांशी इंटरनेटवर एकटा भांडत होता, तेही मराठीत. "आधी बघा, मग बोला," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याची स्वतःची तक्रार मूळ चित्रकथेबद्दल होती, आणि एकच होती. चौदाव्या खंडात सामुराई एका शेतावरून जातो. तिथे एक बाई भाताची लावणी करत असते, आणि चित्रकाराने ती पुढे पुढे चालत रोपं लावताना काढली आहे. 'पुढे चालली तर लावलेलं तुडवेल,' असं हृतिकने लिहिलं होतं. 'माझी आई मागे मागे जात लावते. सिनेमावाल्यांनी निदान एवढं सुधारावं.'

महाडच्या एका साप्ताहिकात मी सदर लिहितो. ते विनोदी आहे, असं संपादकांचं म्हणणं. त्यात मी या तक्रारीवर लेख लिहिला: 'जपानला लावणी शिकवणारे कापड्याचे आचार्य'. लोक हसले. कापड्यात, म्हणजे आक्काच्या गावातही हसले. कुणीतरी कात्रण त्याच्या कारखान्यात, हजेरीच्या यंत्राशेजारी चिकटवलं. हृतिक भेटला तेव्हा म्हणाला, "मामा, चांगलं लिहिलंयस. पण लावणी मागंच जाते ना?"

"जाते की."

"मग हसायचं कशाला?"

मी चहा मागवला.

जुलैत तो लावणीसाठी पंधरा दिवस घरी आला. शेवटच्या खाचरात उभा असतानाच त्याला हुडहुडी भरली. तापाचं नाव कळायला चार दिवस गेले, आणि त्यानंतर त्याच्याकडे पाचच उरले होते. त्याने मला एकदा समजावलं होतं, "मामा, दोन चौकटींच्या मधे कोरी पट्टी असते ना, माणूस मरतो तो तिथं. या चौकटीत उभा असतो, पुढच्या चौकटीत नसतो. सिनेमात ती पट्टी कुठनं आणणार?" मी तेव्हा मोबाइल बघत होतो. मान मात्र हलवली होती.

तर दहावा. कावळा समोरच्या उंबरावर बसलेला. पिंडाकडे बघतोय, पण उतरत नाही. भावजी, म्हणजे हृतिकचे वडील मुरारी, मुंबईला वॉचमन आहेत. ते हात जोडून पुढे झाले. "हृतिक, तुझ्या आयशीला मी एकटी ठेवनार नाय. मुंबय सोडून येतो." कावळ्याने मान वळवली. भावकीतले भिकाजीतात्या म्हणाले, "लगीन ऱ्हायलं पोराचं." त्यावर काय कबूल करायचं ते कुणालाच सुचेना. मोटारसायकलचे हप्ते फेडू म्हणून झालं. त्याच्या एका मित्राने, तुझा मोबाइल कुणाला देणार नाही, असंही सांगितलं. कावळा बसून.

मग आक्का माझ्याकडे वळली. दहा दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती. "किशोर, तुला ठावं असंल त्याच्या मनातलं. तू बोल रे."

सिनेमा पहिल्या दिवशी बघेन, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे गेलो आणि तोंडातून निघालं ते असं, "हृतिक, सिनेमा चांगला निघेल. मी शब्द देतो."

कावळा उतरला.

आक्काने हात जोडले. भिकाजीतात्यांनी हळूच विचारलं, "कुठला रं सिनेमा?"

"जपानी."

"मंग तुज्या हातात काय हाय त्यात?"

"काही नाही, तात्या."

ऑक्टोबरात सिनेमा आला, थेट टीव्हीवरच्या ॲपवर. माझी मुलगी सेजल सकाळपासून लोकांची मतं वाचून दाखवत होती. "पप्पा, एक जण म्हणतो, दोन तास गेले ते परत द्या. एक म्हणतो, तलवारीपेक्षा नट जास्त गंजलाय." मला ते विनोद आवडले. एरवी मीच केले असते.

त्याच दिवशी भिकाजीतात्यांचा फोन. "आरं, तुज्या भनीला सांग काय तरी. समदं भात कापून झालं, आन शेवटच्या खाचराला ती हात लावू देत नाय. लोंब्या झडतायत. दानं चिखलात चाल्लंय."

मी आक्काला फोन लावला. तिचं म्हणणं सरळ होतं. "त्ये त्यानं लावलेलं हाय. तू शब्द दिलास, तवा तो सुटला. शब्द खोटा पडला तर पोर कुठं अडकंल, सांग. सिनेमा चांगला हाय म्हन, मंग इळा लावते."

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. "चांगला आहे, आक्का. सगळे म्हणतायत."

"तू बगितलास?"

"नाही अजून."

"मंग कसा बोलतोस? आदी बग, मंग बोल."

हे हृतिकचं वाक्य होतं. मग तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आयतवारी मीच येते."

रविवारी दुपारी ती कापड्याहून एसटीने आली. नवं लुगडं नेसली होती. कोचावर बसली नाही. टीव्हीसमोर खाली मांडी घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली. सेजलने सिनेमा लावला. मी मागे खुर्चीत. परीक्षेच्या निकालालाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

सिनेमा वाईट होता. प्रेक्षकांनी त्याच्यावर अन्याय केला नव्हता. नायक दर लढाईआधी भाषण करी.

"एवडं बोलतायत, मंग मारतील कवा?" आक्का म्हणाली.

"मारतील, आत्या," सेजल म्हणाली.

"क्यास खोटं हायत गो त्याचं."

"हो आत्या. सगळे तेच म्हणतात."

"हृतिकला चाललं असतं का?"

सेजलने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे. तासभर गेला. आक्का पिशवीच्या बंदाला पीळ घालत होती. या बाईला मी काय सांगणार आहे, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो, आणि सगळी माझ्या सदरातल्यासारखी होत होती.

मग एक शेत आलं. पाण्याने भरलेलं. सामुराई बांधावरून लंगडत जातो. पलीकडे एक म्हातारी वाकून लावणी करतेय. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात. तिचा आणि गोष्टीचा काही संबंध नाही. सामुराई निघून जातो तरी ती लावतच राहते, आणि लावता लावता एकेक पाऊल मागे सरकते.

"येतं हिला," आक्का म्हणाली. मग ताठ बसली. "किशोर, बग. मागं जात्ये."

मी बघितलं. मागेच जात होती.

हृतिकचं मराठी तिकडे कुणी वाचलं असेल, असं मी म्हणणार नाही. जपानातही लावणी येणाऱ्या म्हाताऱ्या असतील, आणि दिग्दर्शकाने त्यांतलीच एक आणून उभी केली असेल. ते काही असो. चौदाव्या खंडातली चूक सुधारली होती.

"परत लाव गो," आक्का म्हणाली.

सेजलने लावलं. चार वेळा. अकरा सेकंदांचा तुकडा होता तो. पाचव्या वेळी आक्काने हात वर केला. "बास." आणि मागे न वळता मला विचारलं, "चांगला हाय ना रे?"

"चांगला आहे, आक्का."

"बगून बोलतोस?"

"बघून बोलतोय."

तिने पदराने तोंड पुसलं. पुढचा सिनेमा तिला बघायचा नव्हता. चारची एसटी होती.

दुसऱ्या दिवशी मी कापड्याला गेलो. मला कापणी येत नाही, म्हणून पेंढ्या उचलायचं काम मिळालं. निम्मा दाणा झडून गेला होता. तात्या त्यावरून बोलत होते, आक्का ऐकत नव्हती. कापून झाल्यावर खुंटांवरून हृतिकची पात, त्याने लावलेल्या रोपांची रांग, स्पष्ट दिसली. वाकडी होती. पलीकडच्या बांधापासून मागे मागे येत तो अलीकडच्या बांधाच्या हातभर आधी थांबला होता. तेवढी पट्टी मोकळीच होती.

"येवडी कशी ऱ्हायली?" तात्यांनी विचारलं. "तवाच लावून टाकायची नाय का, रंगू?"

"त्याची हाय ती," आक्का म्हणाली, आणि विळा कमरेला खोचून पेंढ्या मोजायला लागली.