कोरा माल

ते २०१२ साल. छत्तीसगढ राज्य होऊन बारा वर्षं झाली होती, आणि त्या वर्षाच्या शेवटी मंत्रालय शहरातून उठून नव्या रायपुरात गेलं. साहेब गेले, बाबू गेले, कपाटं गेली. त्यांना रोज तिकडे न्यायला-आणायला भाड्याच्या गाड्यांची अशी काही मागणी वाढली, की ज्याच्या दारात मोटार उभी तो ट्रॅव्हल्सवाला झाला. तिकडे बस क्वचितच. रस्ते मात्र रुंद आणि रिकामे; ड्रायव्हरचा पाय आपसूक दाबला जाई.

सत्यभामाबाईंची पत्र्याची शेड रेल्वे कॉलनीच्या मागच्या मोहल्ल्यात, घराला लागूनच होती. नवरा भैय्यालाल रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं ही शेड टाकली आणि मोटारीच्या खालचे गंजलेले भाग साफ करून द्यायला लागला. कमानी, शॉकरचे ब्रॅकेट, चाकाला गाडीशी धरून ठेवणारे आर्म. सत्यभामाबाई पहिल्या दिवसापासून त्याच्या जोडीला होत्या. त्यांचे तळवे साबणानंही कधी पूर्ण गोरे झाले नाहीत.

भैय्यालालची एक शिस्त होती. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं लोखंड आधी अगदी उघडं करायचं. गंज नाही, जुना रंग नाही, तेलाचा डाग नाही. याला त्या घरात ‘कोरं करणं’ म्हणत. कोरं झालं की गाडीच्या मालकाला बोलवायचं आणि कुठं गंजानं खाल्लंय, कुठं भेग आहे ते दाखवायचं. मालकानं पाहिलं की मगच रेड ऑक्साइड, आणि त्यावर काळा रंग. फार खाल्लेला भाग भंगाराच्या ड्रममध्ये जायचा. मालकानं कितीही गयावया केली तरी.

भैय्यालाल गेला तेव्हा तिरडीचा पुढचा खांदा हरिदासनं दिला होता. हरिदास त्याच्याच कारखान्यातला, गोंदियाकडचा. बाईंना वैनी म्हणायचा. सकाळचा चहा तो याच घरी घ्यायचा, साखर कमी पडली तर स्वतःच डबा काढायचा. भैय्यालालच्या मागं गिऱ्हाईक आणणं, माल पोचवणं त्यानं अंगावर घेतलं. हातांचं काम बाईंचं. “हरिदास चाचा नहीं होते तो हम क्या करते,” असं मोनाली, बाईंची मुलगी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ती शंकर नगरच्या एका बँकेत होती. आईचं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत.

त्या हिवाळ्यात हरिदासनं टेम्पो भरून आर्म आणले. सगळे तांबडे-लाल, मातीनं माखलेले.

“हिरालालचे हायेत, वैनी. त्याच्या गाड्या चालून राहिल्या ना मंत्रालयात. जुने काढले, साफ करून मांगते.”

“मंग त्याले पाठवा. कोरं झालं की दाखवतो.”

“त्याले कुठं टाइम हाय? मले बोलला, तू पाहिलं म्हणजे म्या पाहिलं.”

ते बाईंच्या मनाला पटलं नाही. पण सांगणारा हरिदास होता. त्यांनी आर्म कोरे केले, फार खाल्लेले तीन ड्रममध्ये टाकले आणि बाकीचे रंगवून वाळायला ठेवले.

माल न्यायला हिरालाल स्वतः आला. इथलाच छत्तीसगढी माणूस, गळ्यात मफलर. गोणपाटात बांधलेला काळा चकचकीत माल त्यानं बोटानं टोकरला. हरिदास टेम्पोपाशी दोरी आवळत होता.

“दीदी, हरिदास भैया बोलते हैं, पूरा माल कोरा है. उनकी बात मैं नहीं मानता. आप बोलो तो मानूँ.”

बाई हसल्या. “हव भैया. एक-एक कोरा. मैंने अपने हाथ से देखा है.”

“बस, हो गया,” हिरालाल म्हणाला. हरिदासनं दोरीची गाठ मारली आणि वर पाहिलं नाही.

होळीच्या आसपास हिरालाल परत आला तो तणतणत. त्यानं हातातला मोडका आर्म बाईंच्या पायापाशी टाकला. नव्या रायपूरच्या रस्त्यावर त्याच्या गाडीचं पुढचं चाक आर्म तुटून निखळलं होतं. गाडी दुभाजकावर चढली, ड्रायव्हरचा हात मोडला. मागं बसलेला साहेब थोडक्यात वाचला.

“यही है आपका कोरा माल?”

“कोरंच केलं होतं, भैया! सगळा गंज काढला...”

“गंज? नए माल में गंज कहाँ से आया?”

“नवं कोण म्हटलं?”

“आपने!” हिरालाल ओरडला. “कोरा मतलब नया, दीदी! कोरा कपड़ा, कोरा घड़ा. मैंने हरिदास भैया को नए का दाम दिया है!”

कोरं लुगडं सत्यभामाबाईंनाही माहीत होतं. पण या शेडमध्ये त्या शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो, हे इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी मोडका आर्म उचलला. रबराचं बुश बसतं त्या भोकापाशी खोल खड्डा होता, त्यात आंगठा टेकला. हा खड्डा त्यांच्या ओळखीचा होता. ड्रममध्ये टाकलेल्या तीन आर्मपैकी हा एक. त्याच्यावर रंग त्यांनी लावला नव्हता.

हरिदास संध्याकाळी आला. नेहमीसारखा आत जाऊन त्यानं चहाचं भांडं पाहिलं. रिकामं होतं.

“हे भंगाराचे आर्म कोठून आणले होते, हरिदासभाऊ?”

तो स्टूल ओढून बसला. “हिरालाल आला होता काय?”

“मी विचारून राहिली.”

“आता काय सांगू? म्या खोटं काय बोललो, वैनी? कोरं म्हटलं. कोरं नव्हतं काय? तुमच्या घरचाच शब्द हाय तो.”

“अन् तीन माह्या ड्रममधून काढले ते?”

“गिनती कमी पडून राहिली होती.” हे त्यानं असं सांगितलं, जणू भाजीत मीठ कमी होतं. “मोनालीचं लग्न काढाचं हाय. कोण करन? माह्या बोलण्यावर या शहरात कोणी पान बी देत नाही. तुमच्या बोलण्यावर देते. म्हणून तुमाले उभं केलं समोर.”

बाईंना वाटलं होतं, तो पाया पडेल, रडेल, निदान नाकारेल तरी. त्यांनी त्यासाठी मन घट्ट करून ठेवलं होतं. यासाठी नव्हतं केलं.

“मले उभं केलं,” त्या म्हणाल्या. “उठा. निघा.”

“बाहेर बोलाल तर नाव तुमचंच जाईन. माहं तं नावच नाही.”

दुसऱ्या दिवशी मोनालीनं हात धरला. “मम्मी, मत जाओ. लोग आपको ही चोर बोलेंगे.” बाई तरीही हिरालालच्या गाड्या उभ्या राहत तिथं गेल्या. चहा पिणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाल्या, “यह पूरा माल पुराना है. भंगार का. मैंने घिसा है, मैंने ही हव कहा है. आज के आज उतारो.” एक जण खो-खो हसला, “बुढ़िया तो बड़ी उस्ताद निकली!” हिरालाल हसला नाही, त्यानं पान्हे मागवले. सगळे आर्म उतरेपर्यंत बाई उन्हात उभ्या राहिल्या. कोणी बसायला दिलं नाही.

हरिदासचं म्हणणं खरं झालं. नाव बाईंचंच गेलं. त्यांनी पावसाळ्याआधी शेड बंद केली, पत्रे विकले आणि तिथं अळू लावलं. मोनालीचं लग्न पुढं दोन वर्षांनी भिलाईच्या मुलाशी झालं. ती आता तिकडेच असते आणि आईला बोलावून थकली आहे. ड्रायव्हरचा हात जुळला, पण वाकडा. तो एका शाळेच्या दारावर राखणीला बसतो. हिरालालनं गाड्या विकून धान्याचा धंदा धरला. बाई रस्त्यात भेटल्या तर तो नमस्कार करतो, थांबत नाही. हरिदासनं भनपुरीकडे स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. ते चांगलं चाललं. मागच्या दिवाळीत सदर बाजाराच्या गर्दीत त्यानं स्कूटर थांबवून, पूर्वीच्याच मायेनं, “वैनी!” अशी हाक मारली. सत्यभामाबाई कापडाच्या दुकानात शिरल्या आणि तो जाईपर्यंत, घ्यायची नसलेली लुगडी उलगडून पाहत राहिल्या.