ती टॅक्सीच होती

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी तिच्यासाठी एक जादा ब्रेक बसवलेला होता आणि तिचा पाय कायम त्याच्यावर. शिकणारा कितीही ऐटीत भिंतीच्या दिशेने निघाला, तरी गाडी भिंतीच्या अलीकडेच थांबायची. हे नाव तिला मनापासून आवडायचं. घरात मात्र ती ताई. वडील तिच्याकडे राहत, आणि धाकटा भाऊ रविवारी यायचा. आधी वडिलांना भेटायला, अलीकडे गाडीला भेटायला.

गाडी म्हणजे बाबांची जुनी टॅक्सी. गोल दिवे, लांब नाक, मागे कपाट मावेल एवढी डिकी. बाबांनी ती तरुणपणी घेतली आणि डोळ्यांनी दगा देईपर्यंत चालवली. यापुढे स्टिअरिंग धरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा त्यांनी ती घरामागच्या शेडमध्ये उभी केली, वर ताडपत्री टाकली आणि तिच्याबद्दल बोलणंच सोडलं. भंगारवाला दारात आला की तेवढं आतून ओरडायचे, "विकायची नाही!"

धाकटा फ्लॅट विकायच्या धंद्यात होता. धंद्यात जम बसला, जुन्या गाड्यांच्या क्लबात ऊठबस सुरू झाली, आणि एका रविवारी त्याने ती ताडपत्री उचलली. त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. त्याची बायको म्हणायची, "आमच्या घरी सवत आलीय, आणि तीही चार चाकांची." दाराचं रबर त्याने कुठून कुठून मागवलं. एक हॉर्न आला, तो चुकीच्या वर्षाचा निघाला म्हणून परत पाठवला. स्क्रू चुकीच्या डोक्याचा दिसला तरी त्याला झोप येत नसे.

"कारखान्यातून जशी बाहेर पडली, तशीच," तो म्हणायचा. "नकली काही चालणार नाही."

ताईला त्याचं हे वेड पाहून बरं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी तीही शेडमध्ये बसून पॉलिश पेपरने दिव्यांच्या कडा घासायची. बाबांसाठी चाललंय हे सगळं, असं ती धरून चालली होती.

टॅक्सी हिरवी होती, छप्पर पांढरं. डॅशबोर्ड काढल्यावर त्याच्यामागे कारखान्यातला मूळ क्रीम रंग सापडला, तेव्हा धाकटा नाचायचाच बाकी राहिला. हिरवा रंग खरवडला गेला. दारावरचा परवान्याचा नंबर गेला. मीटरसाठी पाडलेली भोकं डेंटरने भरून टाकली. गाडी सायीसारखी क्रीम होऊन उभी राहिली, तेव्हा बाबा तिच्या बॉनेटवरून हात फिरवत पुढून मागे गेले आणि परत आले.

"छान झाली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ओळखू येत नाही."

धाकट्याला ती शाबासकी वाटली.

वार्षिक प्रदर्शनाच्या आधी क्लबात चहापानाचा कार्यक्रम होता. धाकट्याने ताईलाही नेलं. हॉलमध्ये भिंतीभर गाड्यांचे फोटो, आणि प्रत्येकाच्या तोंडी कार्ब्युरेटर. ताईला मजा येत होती. एवढ्यात क्लबचे सेक्रेटरी हातात कप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसले. गोरेपान, नीटनेटके, बोलणं तुपासारखं.

"तुमच्या आजोबांविषयी ऐकून फार भारावलो आम्ही," ते म्हणाले. "एवढे मोठे डॉक्टर, आणि या गाडीतून वस्त्यावस्त्यांवर जाऊन पेशंट तपासायचे. अशा घराण्यातली गाडी आमच्याकडे येतेय, हा क्लबचा मान आहे."

ताईचे आजोबा विटांच्या भट्टीवर कामाला होते. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो दुसऱ्या टेबलापाशी उभा होता आणि मुद्दाम इकडे बघत नव्हता.

परतताना धाकट्याच्या रोजच्या गाडीत ती म्हणाली, "बाजूला घे."

"इथे? इथे पार्किंग नाही."

"घे म्हणते ना."

त्याने गाडी एका बंद दुकानासमोर लावली. इंजिन चालूच ठेवलं.

"डॉक्टर कोण रे?"

"ताई, ऐकून तर घे. टॅक्सी म्हटली की गाडी बाद. स्पर्धेतला आपला गटच आहे तसा, एकाच कुटुंबाची खाजगी गाडी. टॅक्सी म्हणजे पिळून काढलेली, असं धरतात ते. एवढी मेहनत घेतली आपण, ती काय गेटवरून परत आणायला?"

"म्हणून आजोबा डॉक्टर?"

"कुणाचं काय बिघडलं त्यात? गाडी तर खरी आहे. रंगसुद्धा खरा. क्रीमच होती ती."

"क्रीम होती आठवडाभर. नंतर जन्मभर हिरवी होती," ताई म्हणाली. "स्क्रूसुद्धा नकली चालत नव्हता तुला. बाप मात्र नकली चालला."

तो स्टिअरिंगकडे बघतच म्हणाला, "तुला काय जातंय बोलायला? मला शाळेत सोडायला बाबा यायचे ना, मागे भाडं बसलेलं असायचं. मी पुढे, पायांत कुणाची तरी पिशवी घेऊन. गेटवर पोरं ओरडायची, 'ए, मीटर पाड!' दहावीपर्यंत मला सगळे मीटरच म्हणायचे. आता पहिल्यांदाच त्या गाडीतून उतरताना लोक उभे राहतात माझ्यासाठी."

"त्याच सीटवर मीही बसायचे," ताई म्हणाली. "मलाही चिडवायचे. तुला वाईट वाटायचं हे मला ठाऊक आहे, आणि त्या पोरांना मी आजही थोबाडीत देईन. पण त्यांचं ऐकून तू बाबांना पुसून टाकशील, तर ते मी चालू देणार नाही. तू स्वतः सांग. नाही सांगितलंस तर प्रदर्शनात मी सांगेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही, म्हणून आत्ताच तोंडावर सांगतेय."

"तू असं करणार नाहीस," धाकटा म्हणाला आणि गिअर टाकला.

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. धाकट्याने आधीच येऊन त्यांची समजूत घातली होती. त्यांनी फक्त सूट घालायचा, शेजारी हजर राहायचं आणि कमी बोलायचं.

"तुम्ही हो म्हणालात?"

"पोराची हौस आहे," बाबा म्हणाले. "मला आता कुणाला काय दाखवायचंय? होऊ दे त्याच्या मनासारखं." पण बोलताना ते शर्टाचं वरचं बटण उगाच लावत आणि सोडत होते. ताईचे कान तापले होते.

प्रदर्शन एका मोठ्या मैदानात होतं, आणि शेवटी गाड्यांची परेड शहरातून निघायची होती. हिरवळीवर गाड्यांची रांग, प्रत्येकीसमोर तिचा इतिहास सांगणारा बोर्ड. क्रीम गाडीसमोरच्या बोर्डावर सोनेरी अक्षरांत डॉक्टर होते, त्यांची रुग्णसेवा होती, आणि 'पहिल्यापासून एकाच घराण्यात' असंही होतं. धाकटा कोट घालून बंपर पुसत होता. बाबा नव्या सुटात अवघडून उभे. ताई ड्रायव्हिंग स्कूलच्या निळ्या टी-शर्टवरच आली होती. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा'.

परीक्षक तीन गाड्या पलीकडे आले तेव्हा धाकट्याने मागचं दार उघडलं.

"बाबा, बसा आत. आरामात मागे टेकून बसा. डॉक्टर बसायचे तसे. फोटो छान येईल."

बाबांनी दारावर हात ठेवला. आत पाहिलं. मागची सीट नव्या कापडाची, गुळगुळीत, सुरकुती नसलेली. ते तसेच उभे राहिले.

"बसा ना, बाबा. ते आलेच."

"मागे नाही बसणार," बाबा म्हणाले.

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"अरे, या गाडीत मी कधी मागे बसलेलो नाही. एकदाही नाही. तुझी आई आजारी होती तेव्हाही ती मागे आडवी, आणि मी पुढे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बाकी तू म्हणशील ते करीन. मागे नाही बसणार."

त्यांनी दार हलकेच लावलं, चाचपडत पुढे गेले, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आत बसले. बसल्याबरोबर पाठ ताठ झाली. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा कोपर सीटच्या कडेवर. सूट एकदम त्यांच्या मापाचा दिसायला लागला.

परीक्षक आले. जाड भिंगांचे, हसतमुख गृहस्थ. बरोबर सेक्रेटरी.

"वा, आजोबा!" परीक्षक म्हणाले. "तुम्हीही चालवायचात वाटतं वडिलांची गाडी?"

"वडिलांची कसली? माझी. चालवायचो म्हणजे काय, धंदाच होता माझा. टॅक्सी होती ही."

धाकट्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सेक्रेटरी मोठ्याने हसले. "आजोबा फार विनोदी आहेत."

आता ताई पुढे आली. "विनोद नाही तो. ती टॅक्सीच होती. हिरवी, वर पांढरं छप्पर. आमच्या घराण्यात डॉक्टर कुणी झालाच नाही. हा बोर्ड खोटा आहे." तिने बोर्ड उचलला आणि पालथा करून गवतावर ठेवला. "गाडीतला प्रत्येक भाग अस्सल आहे. माझ्या भावाने जीव ओतलाय तिच्यात, हवं तर खाली झोपून बघा. पण तिने काम काय केलं म्हणाल, तर भाडी मारली. आम्हाला वाढवलं. विमानतळ, स्टेशन, प्रसूतिगृह. रस्त्यात हिच्यात मुलं जन्मलीत."

"दोन," आतून बाबा म्हणाले. "एक जुळी धरली तर तीन."

आजूबाजूला माणसं जमायला लागली होती. परीक्षकांनी भिंगं पुसली आणि खरंच वाकून मीटरच्या भोकांतला डेंटरचा भराव बोटाने चाचपला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "मग ही या गटात बसत नाही," ते हळूच म्हणाले.

सेक्रेटरींचं तूप एव्हाना थिजलं होतं. "मॅडम, ही गाडी ताबडतोब रांगेतून काढा. परेडमध्ये ती जाणार नाही. क्लबची काही प्रतिष्ठा आहे."

"काढते," ताई म्हणाली. "बाबा, सरका."

बाबा शेजारच्या सीटवर सरकले. धाकटा गाडीच्या पुढ्यात उभा होता.

"ताई, नको. प्लीज."

"येतोस का आमच्याबरोबर?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तो बाजूला झाला.

ती मैदानाबाहेर पडली आणि घराकडे वळलीच नाही. परेड मुख्य रस्त्याने निघेपर्यंत ती कडेला थांबून राहिली. ताईने शेवटच्या गाडीमागे थोडं अंतर ठेवून गाडी घातली. चौकात क्लबचा एक स्वयंसेवक शिट्टी फुंकत धावत आला.

"तुम्हाला परवानगी नाही, बाई!"

"परेडमध्ये कुठेय मी? रस्त्यावर आहे," ताई खिडकीतून म्हणाली. "रस्ता क्लबच्या मालकीचा झाला की मला कळवा."

पाठीमागून एक बस हॉर्न देत होती. स्वयंसेवक बाजूला झाला. फूटपाथवरची माणसं सगळ्या गाड्यांना हात करत होती, तशी त्यांनाही करत होती. बाबा खिडकी खाली करून आधी नुसते बसले होते. मग त्यांनी बाहेर तोंड काढलं आणि दिसेल त्याला सांगायला सुरुवात केली, "टॅक्सी होती ही! माझी!" लाजेकाजेचं नाव नाही. ताईने आयुष्यात त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. शिकवताना ती सगळ्यांना सांगायची की रडायचं असेल तर आधी गाडी बाजूला घ्या. तिने घेतली नाही.

संध्याकाळी धाकटा आला नाही. फोन केला त्याने. "माझं नाव घालवलंस," एवढंच म्हणाला. ताईने माफी मागितली नाही. "तुला दुखलं याचं वाईट वाटतंय," ती म्हणाली. "केलं त्याचं वाटत नाही." त्याने फोन ठेवला. बरेच रविवार तो फिरकला नाही. बाबा दाराकडे कान देऊन बसायचे आणि बसलो नाही असं दाखवायचे.

एकदा ताईनेच त्याच्या बायकोला सहज सांगितलं की गाडी चढावर अडखळतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये बॉनेट उघडं आणि त्याच्याखाली धाकटा. ताईशी अवाक्षर बोलला नाही. कार्ब्युरेटर साफ केला, चहा घेतला, बाबांच्या पायाशी बसला आणि गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. तेव्हा म्हणाला, "ऑइल कुठलं घातलंस हे? काय डोकं चालतं तुझं!" ताईला ते ऐकून फार बरं वाटलं.

पुढच्या प्रदर्शनाच्या आधी सेक्रेटरींचा फोन आला. आवाज पुन्हा मऊ. गेल्या वर्षी लोकांनी त्या गाडीबद्दल फार विचारलं होतं म्हणे. तिला आणायला हरकत नाही, पण 'मूळ क्रीम रंगातली दुर्मीळ गाडी' एवढंच लिहायचं. टॅक्सीचा उल्लेख नको.

"उल्लेख असणारच," ताई म्हणाली.

"मग आत जागा देता येणार नाही, मॅडम."

"बाहेर उभी करू. गेटवर गर्दीही जास्त असते."

गेटबाहेरच उभी केली त्यांनी, सार्वजनिक पार्किंगमध्ये, रीतसर पावती फाडून. क्रीम रंग तसाच होता, कारण पुन्हा हिरवा द्यायला धाकटा काही केल्या तयार होईना, आणि तेवढा हट्ट ताईने त्याचा राखला. समोर पुठ्ठ्याचा बोर्ड होता, ताईच्या हस्ताक्षरात: 'टॅक्सी. हिचे चालक आत बसले आहेत.' बाबा ड्रायव्हरच्या जागेवर होते, साध्या शर्टात. धाकटा फडकं घेऊन उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिव्याच्या रिंगेपासून रबरापर्यंत सगळं समजावत होता. सांगताना चेहरा फुलायचा त्याचा.

एका बाईने विचारलं, "हो, पण गाडी कोणाची होती ही?"

धाकटा थांबला. कोट घातलेले क्लबचे दोघे जण तिथूनच आत जात होते. त्याने फडक्याची घडी केली, उलगडली. पायाखाली ब्रेक नसताना गप्प उभं राहणं ताईला कठीण गेलं, पण ती राहिली.

"ते बसलेत ना," धाकटा म्हणाला आणि खिडकीकडे हात केला. "ते माझे वडील. त्यांना विचारा."