चार बोटं नळी

धूळ उडाली ती खाणवाल्याच्या तीस पावलं अलीकडे.

"कुठे गेली?" रायफलीवरचा गाल न हलवता जावयाने विचारलं.

"डावीकडे." शेजारी पालथा पडलेला सासरा दुर्बीण डोळ्यांना लावून धडधडीत खोटं बोलला.

गोळी सरळच गेली होती, पण तोकडी पडली होती. का, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करण्यात गेलेला माणूस तो. खाणवाल्याने जावयाच्या थोरल्या भावाला पहारीने ठेचून मारलं होतं, इतकं की आईने प्रेत ओळखलं ते चपलेवरून. तेव्हापासून जावयाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लेक बापाच्या दुकानात येऊन रडली. ह्यांच्या हातून खून होऊ देऊ नका, म्हणाली. रायफल काढून घेतली तर हे कोयता घेऊन जातील आणि परत यायचे नाहीत.

मग म्हाताऱ्याने टेकडी चढायला हलकी पडेल असं सांगून रायफलीची नळी चार बोटं कापली. काडतुसं स्वतः भरली, तीही हात आखडून. नळी आखूड झाली की आतली दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते, तिला हवा तेवढा रेटा मिळत नाही. त्यात दारूच कमी, म्हणजे सहाशे पावलांवर ती नेमापेक्षा पुरुषभर खाली उतरणार. नेमाच्या खुणा मात्र त्याने जुन्या लांब नळीच्याच ठेवल्या. बार ऐकून खाणवाला पळेल, जावई जन्मभर स्वतःच्या हाताला शिव्या घालेल, आणि लेकीचा संसार वाचेल, असा त्याचा हिशोब होता.

पण पळालं कोणीच नाही. खाणीत दिवसभर सुरुंग उडतात, तिथे एका बाराला कोण भीक घालतो? खाणवाला कमरेवर हात ठेवून तसाच उभा होता. त्याच्या पुढ्यात एक बाई खडी फोडत बसली होती.

जावई काही दुधखुळा नव्हता.

"धूळ मलाही दिसली, मामा. खाली पडतेय." त्याने नळी जराशी उचलली.

"जावईबापू, थांबा—"

नळीच्या तोंडाशी हातभर जाळ झाला. दुर्बिणीत बाईचा हातोडा वर गेला आणि वरच सुटला. तिचा गळा फाटला होता. दोन्ही हातांनी तो आवळत ती आपल्याच खडीवर कलंडली आणि पाय झाडत राहिली. खाणवाला तिला ओलांडून पळाला. ती शांत होईपर्यंत म्हाताऱ्याने दुर्बीण काढली नाही. आपण केलं ते आपण बघितलंच पाहिजे, असं त्याला वाटलं. वयाने ती लेकीएवढीच असेल.

"लागली का?" इतक्या लांबून जावयाला नुसती पळापळ दिसत होती.

"कोणालाच नाही. चला."

लेक दारातच उभी होती. नवरा तिच्याकडे न बघता आत गेला, रायफल कोपऱ्यात आदळल्याचा आवाज आला. तिने बापाला बाजूला घेतलं.

"खाणवाला जिवंत आहे ना, बाबा?"

"आहे."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. सुटकेचं रडणं होतं ते. तुमच्यामुळे आज एक जीव वाचला, म्हणाली. म्हाताऱ्याने तिच्या केसांवरून फिरवायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.