नावाची बाजू

मित्रांनो, मी पालघरच्या एका जुन्या वाचनालयाचे पोस्टकार्ड आहे. वाचनालयाच्या लेखनिकाने माझ्या एका अंगावर ‘आपण मागितलेले पुस्तक आले आहे’ असे लिहून गोल शिक्का उमटवला, दुसऱ्या अंगावर ‘श्री. रामा तांडेल, एडवण’ असा पत्ता घातला, आणि मी एका माणसाचे झाले.

रामा मासेमारी करी. किनाऱ्यावर सोबती जाळी सांधत आणि तो त्यांना वाचून दाखवी. मला त्याने घरातल्या पत्रांच्या तारेत ओवले. तो वारल्यावर त्याची बायको जमना मला तारेतून काढी. तिला वाचता येत नव्हते. मात्र नवऱ्याच्या नावाचा आकार ती ओळखी. त्यावरून बोट फिरवी आणि मला पुन्हा ओवून ठेवी.

बोईसरच्या कारखान्यात काम करणारा सुजित जुन्या वाचनालयांचे कागद जमवतो. सुट्टीच्या दिवशी तो एडवणला आला.

“मावशी, वाचनालयात प्रदर्शन आहे. हे काचेत लावतो, मग परत आणून देतो.”

“जलमभर सुक्या बोंबलांच्या वासात रायला, आन आता काचेत बसवतंस व्हय त्याला!” जमना हसली. मग हळूच म्हणाली, “नाव जप हां, बाबा. फोटू नाय त्याचा. तेवढंच हाय.”

सुजितने मला फार प्रेमाने पुठ्ठ्यावर बसवले. शिक्क्याची बाजू वर दिसावी म्हणून पत्त्याच्या अंगाला भरपूर डिंक लावला.

प्रदर्शनाला जमना नवे लुगडे नेसून आली. काचेपाशी बराच वेळ उभी राहिली.

“नाव कुठं हाय रं?”

सुजितचा चेहरा उतरला. “मागच्या बाजूला आहे, मावशी. थांबा, काढतो.”

त्याने मला अलगद उचलायला घेतले. पण माझे अंग मधोमध सोलले गेले. नावाचा पापुद्रा पुठ्ठ्याकडे तोंड करून तिथेच राहिला. वर दिसत होता तो नुसता पांढरा चोथा.

“मावशी, मी...” सुजितच्या डोळ्यांत पाणी आले.

“रडू नको. तो पुठ्ठा दे मला,” जमना म्हणाली. “दिसत नाय, पन आत हाय ना?”

पुठ्ठा पदराखाली धरून ती गेली.

मित्रांनो, कोणाचा जुना कागद हाती आला, तर डिंकाला हात लावण्याआधी तो उलटून पाहा. आणि ज्याच्या घरून आणला त्याला विचारा, यातले तुम्ही काय पाहता? मी, म्हणजे माझी उरलेली शिक्क्याची बाजू, अजून काचेत आहे. पुस्तक आले आहे, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. कोणासाठी आले, ते मात्र आता मला सांगता येत नाही.