एकच ठोका

मित्रांनो, हात पोहोचत नाही म्हणून देवळात उडी मारून तुम्ही जिला वाजवता, ती जुनी पितळी घंटा मी. महाल नावाच्या वस्तीतल्या या मुरलीधराच्या देवळात येण्याआधी मी एका घरात राहत होते. तिथली गोष्ट सांगताना जीव जड होतो, तरी सांगते.

माझा जन्म भट्टीतला. इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मी टांगलेली असताना एकाहत्तर साली दोन बायका आल्या, प्रयागबाई आणि यमुताई. बालपणापासूनच्या मैत्रिणी, देवानं सासरही एकाच गल्लीत, समोरासमोर दिलं. प्रयागबाईंनी त्या चातुर्मासात मौनानं जेवायचं व्रत धरलं होतं. जेवताना शब्द निघाला, तर ताटावरून उठायचं आणि दिवसभर उपाशी राहायचं. व्रत संपलं की देवळाला घंटा द्यायची, अशी रीत.

"शेवटी द्यायचीच हाय, तं आत्ताच घे वं," यमुताई म्हणाल्या. "चार महिने तुह्या तोंडाच्या जागी हेच बोलन. एकदा वाजवली तं थांब, दोनदा वाजवली तं आत ये."

अशी मी प्रयागबाईंच्या ताटाशेजारी आले. यमुताई नेमक्या जेवणाच्या वेळी ओट्यावर यायच्या आणि मैत्रिणीला बोलतं करायला बघायच्या. "काहून वं प्रयाग, भाजीत मीठ नाही म्हणून रुसली का?" एकदा तर "विंचू! विंचू!" म्हणून ओरडल्या. प्रयागबाई उष्ट्या हातानं बाहेर धावल्या, तर या पोट धरून हसताहेत. "तरी बोलली नाहीस! मोठी पक्की हायेस वं!"

भाद्रपदातली दुपार होती. ताटात भात कालवलेला होता. ओट्यावरून हाक आली, "प्रयाग, छातीत कसंतरी होऊन राहिलं वं मले."

प्रयागबाई गालात हसल्या. डाव्या हातानं त्यांनी मला एकदा वाजवलं.

यमुताई थांबल्या.

चूळ भरून, हात पुसत प्रयागबाई बाहेर आल्या, तेव्हा यमुताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाका मारल्या, ओ नाही. डॉक्टर आले आणि नुसती मान हलवून गेले.

मित्रांनो, मला दोनदा वाजवलं असतं, तर व्रतही मोडलं नसतं. हे प्रयागबाईंना सुचलं ते तिरडी उचलल्यावर. मी पितळेची, वाजवाल तशी वाजते. तरी 'थांब' हा शब्द माझ्याच तोंडून गेला, हे मला विसरता येत नाही.

पुढचे दिवसही त्या मौनानंच जेवल्या. बोलतं करायला दारात कुणी उरलं नव्हतं. कार्तिकात त्यांनी मला इथं आणलं. "एक दिवसही खंड नाही, केवढी निष्ठा!" पुजारी म्हणाले. बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. "तेच तं पाप झालं, महाराज," प्रयागबाई पुटपुटल्या. मी त्यांच्या हातात होते, म्हणून मला तेवढं ऐकू आलं.

आता त्या थकल्या आहेत. रोज येतात, पण मला हात लावत नाहीत. जप चालू असताना पायरीवरून कुणी नुसतं "आजी" म्हटलं, तरी माळ खाली ठेवून उठतात. पुजारी कुरकुरतात.

मित्रांनो, देवासमोर डोळे मिटून उभे असाल आणि मागून कुणी हाक मारली, तर मागे वळा. खोटी वाटली तरी वळा. देव थांबेल. त्याला थांबायची सवय आहे.