आधी नुसतं वाचायचं

माधवीनं कीबोर्डवरचं बोट मागं घेतलं.

"सर, ह्या बोर्डावरची ही चिप भट्टीची उष्णता मोजणारीच हाय, हे अजून पक्कं न्हाय. आधी नुसतं वाचूया. तिची ओळख सांगणारे दोन्ही आकडे जुळले तरच तिच्यात काय लिहायचं, न्हायतर हात लावायचा न्हाय."

"मला शिकवतीस व्हय गं?" वीरेंद्र हसला. "एक आकडा जुळलाय न्हवं? लिही. उत्तर देती का बघू."

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या त्या दुरुस्तीच्या वर्कशॉपात वीरेंद्रचा शब्द शेवटचा. माधवीला कायम करायच्या पत्रावर आज त्याचीच सही व्हायची होती. नाही झाली तर सोमवारपासून ती येळ्ळूरला घरी. तिनं लिहिलं.

चिप मोजणारी नव्हतीच. भट्टीच्या सगळ्या सेटिंग जपणारी ती मेमरी होती, आणि एका फटक्यात कोरी झाली. बोर्ड बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, दुसरी प्रत कुठंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

भट्टीचे मालक रायाप्पा सकाळपासून बाहेर बाकावर बसले होते. वीरेंद्रनं त्यांना आत बोलावलं आणि जराही न अडखळता सांगितलं,

"आप्पा, बोर्ड मेलेलाच आणलासा. काढताना कुणीतरी घोळ घातलाय."

"शामूनं काढलता." रायाप्पांचा चेहरा उतरला. "वीस वर्सं भट्टी सांभाळतोय त्यो. त्याच्या हातनं असं व्हईल?" ते माधवीकडं वळले. "पोरी, तू सांग. मेलेलाच आलता?"

वीरेंद्रनं खिशातलं पेन काढून पत्राशेजारी ठेवलं. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, निर्लज्ज मेला!

"व्हय, आप्पा," माधवी म्हणाली.

रायाप्पांनी तिथंच फोन लावला.

"शामू, उद्यापासनं भट्टीवर येऊ नगंस. न्हाय, काय बी सांगू नगंस मला."

फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. आईची शपथ आप्पा, काढला तवा चालू होता, नुसती उष्णता चुकीची दावत होता, असं तो माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता. रायाप्पांनी त्याचं बोलणं मधेच तोडलं. माधवी टेबलाची कड धरून उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वीरेंद्रनं सही केली.

बोर्ड टॉवेलात गुंडाळून रायाप्पा निघाले. दारातून परत आले आणि त्यांनी माधवीच्या डोक्यावर हात ठेवला.

"लई उपकार झाले, बाळ. तू खरं बोललीस म्हणून कळलं. न्हायतर त्या हरामखोराला मी जलमभर आपला माणूस समजलो असतो."