चौथीतलं कापडी गाढव

मित्रांनो, मी एक जुनं कापडी गाढव आहे आणि बरीच वर्षं चौथीतच आहे. याचा मला कमीपणा वाटत नाही, काळजी मात्र वाटते. काळजी हा माझा स्वभावच आहे. माझ्या पोटात नुसता कापूस, पण त्या कापसातही कायम गोळा आलेला असतो.

चौथीच्या बाईंनी मला घरच्या जुन्या पडद्यातून शिवलं. खरं तर त्यांना घोडा शिवायचा होता. कान हाताबाहेर गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे, गाढवच बरं." माझं भवितव्य असं एका वाक्यात ठरलं.

माझं काम एकच: मला काही येता कामा नये. धडा शिकवून झाला की बाई मला बाकावर बसवायच्या, एकेका मुलाला समोर बोलवायच्या आणि म्हणायच्या, "याला समजावून सांग." मग माझ्या मागे उभ्या राहून, नाकात आवाज काढून, त्या माझ्या वतीने चुका करायच्या. "दिवसा चंद्र दिसत नाही, म्हणजे तो सूर्याला घाबरतो ना?" मुलं खो खो हसायची आणि मग कपाळाला हात लावून मला शहाणं करायला बसायची. कुणाला किती समजलंय, ते बाईंना त्यातून नेमकं कळायचं. नुसतं पाठ करून आलेला माझ्या पहिल्याच प्रश्नाला गारद व्हायचा. पालक कौतुक करायचे. एका आजोबांनी तर माझ्याशी हात मिळवला.

मला धास्ती एकाच गोष्टीची. एखाद्या दिवशी मला खरोखरच काही समजलं तर? नोकरी गेलीच.

मग एका वर्षी दिवाळीनंतर शाळेत नवे मोठे सर आले. त्यांचा विश्वास फक्त लेखी परीक्षेवर. पहिल्याच फेरीत त्यांनी खिडकीतून मला पाहिलं आणि दटावलं, "ए, शेवटचा बाक, उठून उभं राहता येत नाही?" मी प्रयत्न केला, पण माझ्या पायांना गुडघे नाहीत. चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी मला कपाटावर टाकायला लावलं. तिथे मी फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी धूळ खात पडलो. डाव्या कानाला कसर लागली. कुणी वर बघेना.

त्या वर्षी वर्गात एक मुलगा होता. त्याला सगळे होयबा म्हणायचे. बाईंनी विचारलं, "समजलं?" की तो म्हणायचा "हो". "नाही समजलं ना?" असं विचारलं, तरी "हो". पेपर मात्र कोरा. मोठ्या सरांनी ठरवलं, याला चौथीतच ठेवायचं. त्याचा धाकटा भाऊ तिसरीत होता, हुशार आणि बोलका. त्याने घरी प्रेमाने सांगून ठेवलं होतं, "दादा, पुढच्या वर्षी तू माझ्याच बाकावर बस हं, मी सांगेन तुला." होयबा त्यालाही "हो" म्हणाला, आणि त्या दिवसापासून जेवेनासा झाला. हे त्याची आई बाईंना सांगत होती, तेव्हा कपाटावर माझी एक शिवण उसवली.

बाई मोठ्या सरांकडे गेल्या आणि त्यांना घेऊनच परतल्या. "एकदा गाढवासमोर बसवू द्या त्याला. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

"एकदाच," सर म्हणाले. "आणि मी समोर असणार."

दुसऱ्या दिवशी मला झटकून खाली काढलं. पण नेमका त्या दिवशी बाईंचा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. शेवटी त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'सर, गाढव तुम्ही व्हा.'

मोठ्या सरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

विषय होता अपूर्णांक. सर माझ्या मागे उभे राहिले, खाकरले आणि माझ्या वतीने म्हणाले, "एक छेद तीन हा एक छेद चारपेक्षा मोठा असतो."

मी हादरलो. माझ्या तोंडून आजवर बरोबर उत्तर निघालं नव्हतं. आता होयबा "हो" म्हणणार आणि त्यातून कुणालाच काही कळणार नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. बाईंनी खडू घट्ट धरला होता.

"नाही," तो पुटपुटला.

"नाही काय? बरोबर आहे ते," सर आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले.

"तेच ना, सर. याला बरोबर येत नाही. याला चुकावं लागतं."

"बरं. मग एक छेद तीन लहान."

"का?"

"का म्हणजे? चुकलो ना मी?"

"असं उगाच नाही चुकायचं, सर. त्याला वाटतं, चार मोठे, म्हणून एक छेद चार मोठा. मग मी त्याला सांगणार, एक कलिंगड तिघांत वाटलं आणि तेवढंच चौघांत वाटलं, तर तुला जास्त कधी मिळेल? खाणारे वाढले की फोड लहान होते. ते त्याला पटतं. मग तो म्हणतो, म्हणजे छेदात चार असले की नेहमी लहानच. तिथे तो परत अडकतो." त्याने माझा कान सरळ केला. "मीपण तिथेच अडकलो होतो."

सरांनी चष्मा काढून बाकावर ठेवला. मग माझ्या मागून, चक्क नाकातून, आवाज आला, "म्हणजे दोन छेद चारसुद्धा लहानच ना रे?"

"नाही रे बाबा," होयबा माझा पाय धरून म्हणाला. "फोडी लहान, पण दोन आहेत ना. चारातल्या दोन, म्हणजे अर्धं कलिंगड झालं."

बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि कोरा भाग पुसत होत्या.

"पाचवी," मोठे सर म्हणाले आणि चष्मा विसरून निघून गेले.

होयबा आता पाचवीत आहे. सर अधूनमधून वर्गात येतात, माझ्या मागे उभे राहतात आणि कारणासकट चुकतात. मला अजून काळजी वाटते, कारण दर वर्षी कुणीतरी नवा "हो" म्हणतोच.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत, तरी विनंती करतो. कुणी "हो" म्हणालं म्हणून त्याला सोडून देऊ नका आणि कोरा पेपर दिला म्हणून टाकूनही देऊ नका. त्याच्यासमोर स्वतः जरा चुकून बघा, आणि तो ती चूक सुधारेपर्यंत गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड असतं. मी वर्षानुवर्षं तेच करतोय, म्हणून सांगतो.